दादर ते किंग्ज सर्कल : एका हमरस्त्याचे चरित्र

किल्ल्यांचे इतिहास लिहिले गेले, मठांच्या परंपरा लिहिल्या गेल्या, राजघराण्यांच्या बखरी झाल्या. परंतु ज्या रस्त्यावर आपल्या लोकांनी दुकान मांडले, पोट भरले आणि मुलाबाळांस शिकवून मोठे केले, त्या रस्त्याचे चरित्र लिहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रस्त्यास वंशावळ नसते आणि त्याची सनद कोणी देव्हाऱ्यात ठेवीत नाही. तथापि आमच्यासारख्या वकिली करणाऱ्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते, ती ही की, रस्त्याचेही दफ्तर असते. ते भाडेपट्ट्यांत असते, घरभाड्याच्या पावत्यांत असते, गुमास्ता परवान्यांत असते आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत असते. ते दफ्तर चाळावयास बसले म्हणजे दिसून येते की, कोणता धंदा कोठे उभा राहिला, कोणता टिकला आणि कोणता उठला, ह्यामागे केवळ दुकानदाराचे कर्तृत्व अथवा नशीब नव्हते. जागा कोणास, किती दिवसांकरिता आणि कोणत्या अटीवर मिळाली, ह्या प्रश्नाच्या उत्तरात त्या सर्वांचे मूळ असते.

मुंबईच्या दादर भागातील खोदादाद सर्कलपासून निघून उत्तरेस माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपर्यंत जाणारा जो रुंद हमरस्ता आहे, त्याचे दफ्तर आज वाचकांपुढे उलगडावे असा आमचा मानस आहे. त्याचे जुने नाव विन्सेन्ट रोड. आजचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. हा मार्ग दक्षिणेस भायखळ्याकडे आणि उत्तरेस शीवकडे पुढे जातो; आम्हांस येथे त्याच्या ह्या मधल्या तुकड्याशी व त्यास येऊन मिळणाऱ्या गल्ल्यांशीच कर्तव्य आहे. गोवा, कारवार, मंगळूर, बेळगाव ह्या बाजूंच्या कितीतरी घरांतील एखादा काका, मामा अथवा आजोबा ह्या परिसरात उमेदवारीला राहिलेला असतो, तेथल्या खाणावळीत जेवलेला असतो. तेव्हा हा विषय मुंबईचा असला तरी परका नाही.

रस्ता होण्यापूर्वी येथे गावदेवी होती. माटुंग्याच्या मरूबाईचे देऊळ किंग्ज सर्कलच्या परिसरात आजही आहे. ते पाहिले म्हणजे ह्या नगरभागाच्या पोटात एक खेडे दडलेले आहे, ह्याची आठवण होते. भातखाचरे, ताडामाडांची झाडे आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी सखल जमीन असे त्या खेड्याचे रूप होते. त्या सखलपणाची खूण अद्याप पुसलेली नाही. मोठा पाऊस झाला की पाणी तुंबणाऱ्या जागांच्या यादीत किंग्ज सर्कलचे नाव हटकून येते. माणसाने रस्ता बांधला, पण पाण्याने आपली वहिवाट सोडली नाही, असे वकिली भाषेत म्हणावयास हरकत नाही.

ह्या रस्त्याच्या जन्मास एक महासंकट कारण झाले. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, प्रादुर्भाव झाला. त्याचे निदान करणारे डॉ. आकासियो व्हिएगस हे मूळचे बारदेशातील हडफड्याचे गोमंतकीय होते. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट चाळींत रोग कसा पसरतो हे सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, अस्तित्वात आला. गजबजलेल्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेस मोकळी जमीन घेऊन तेथे नवी वस्ती वसविणे, अशी दोन कामे त्याजकडे आली. दादर-माटुंग्याची योजना दुसऱ्या कामातली. १८९९-१९०० च्या सुमारास आखलेल्या ह्या योजनेत केवळ दादर-माटुंगा भागात सुमारे ६०,००० लोकांची सोय करावयाची होती. मुंबईचे पहिले आखीव उपनगर म्हणून तिचा उल्लेख होतो तो योग्यच आहे.

येथे वाचकांनी एका बाबीकडे लक्ष द्यावे. ट्रस्टने जमीन संपादन केली, ती सपाट केली, गटारे व रस्ते काढले आणि मग भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. जमिनीची मालकी ट्रस्टकडेच राहिली. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यावर ती महापालिकेकडे आली. भाडेपट्ट्यात अटी होत्या: किती जागा मोकळी सोडावी, किती मजले चढवावेत, जागेचा वापर कशासाठी करावा. आज त्या वस्तीच्या सावलीच्या गल्ल्यांचे आणि इमारतींमधून खेळणाऱ्या वाऱ्याचे लोक कौतुक करतात. ती शोभा कोणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेली नाही. ती भाडेपट्ट्याच्या कलमांतून उगवलेली आहे. ट्रस्टचेच अभियंता मंचेरजी जोशी ह्यांनी आपल्या समाजाच्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी वसविली. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. आतल्या गल्ल्यांत बिऱ्हाडे आणि हमरस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर दुकाने, असा क्रम पडत गेला.

गल्ल्यांना जी नावे दिली गेली तीही मननीय आहेत. माटुंग्यात भाऊ दाजी रोड आहे, डॉ. भाऊ दाजी लाड हे गोव्यातील मांद्र्याचे. तेलंग रोड आहे. काशिनाथ त्रिंबक तेलंग १८८९ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. चंदावरकर रोड आहे. होनावरचे नारायण गणेश चंदावरकर त्याच न्यायासनावर १९०१ साली बसले. आणि भांडारकर रोड आहे, तो थोर संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या नावाचा. कोकण, गोवा आणि कानडा किनारा येथून निघालेल्या विद्यावंतांची नावे अशा रीतीने एका नव्या पेठेच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर लागली. आणि त्याच किनाऱ्यावरून पुढे जी साधी, अनामिक माणसे आली, त्यांनी त्या पाट्यांखाली दुकाने मांडली.

ह्या हमरस्त्यावरील धंद्यांचा पहिला अध्याय इराण्यांचा. संगमरवरी मेज, लाकडी वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि काउंटरवर काचेच्या बरण्या, असा त्यांचा थाट. कोपऱ्याचे दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ते इराण्यांकडे गेले, असे सांगण्यात येते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे तोंड असलेली जागा चहाच्या धंद्यास फळली हे खरे. किंग्ज सर्कलचे कूलर हे इराणी उपाहारगृह १९३२ चे. बिऱ्हाडकरूस पाव-लोणी आणि अंडी, कॉलेजच्या पोरास एका चहावर तासभर बसण्याची मुभा आणि ट्रामची वाट पाहणाऱ्यास सावली, ह्या सर्व सोयी तेथे एका छपराखाली मिळत. खोदादाद सर्कलपाशी ट्रामचा शेवटचा थांबा होता, म्हणून त्या जागेस ‘दादर टी. टी.’, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव पडले. १९६४ च्या ३१ मार्च रोजी रात्री बोरीबंदराहून दादरास आलेली ट्राम ही मुंबईची शेवटची ट्राम ठरली. रूळ गेले, तारा गेल्या, पण लोकांच्या तोंडचे ‘टी. टी.’ गेले नाही.

दुसरा अध्याय खाणावळींचा. रेल्वे, बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या ह्यांना इंग्रजी जाणणारे कारकून व लघुलेखक हवे होते. मद्रास इलाख्यातून, पालघाटाकडून, दक्षिण कानड्यातून तरुण माणसे मोठ्या संख्येने मुंबईस येऊ लागली आणि त्यांतील पुष्कळशी माटुंग्यात उतरली. नोकरी होती, खोली चौघांत मिळून होती, पण चूल नव्हती. घरी सोवळ्यात वाढलेल्या पोरास दोन वेळचा सांबार-भात मिळावा कोठे? ही गरज ज्यांनी ओळखली ते बहुधा स्वतःही असेच रिकाम्या हाताने आलेले होते. रामाश्रय १९३९ चे, कॅफे मद्रास १९४० चे. बालवयात कारकळच्या बाजूने मुंबईस येऊन भांड्याकुंड्यांपासून कामास आरंभ केलेल्या रामा नायक ह्यांनी १९४२ साली माटुंगा स्थानकाजवळ उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. पुढे लौकरच, १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईमुळे मुंबईत शिधावाटप सुरू झाले. एकट्या माणसाने मोजक्या शिध्यात स्वतंत्र चूल पेटविण्यापेक्षा खाणावळीचे पान बरे, असा काळ आला.

ह्या उडुपी खाणावळींच्या कुळकथेत आपल्या वाचकांस जवळचा वाटेल असा एक धागा आहे. नायक, कामत, पै, शेणै ह्या आडनावांची कितीतरी माणसे ह्या धंद्यात होती. त्यांच्या भटारखान्याची भाषा कोकणी होती. ग्राहकाशी इंग्रजी अथवा हिंदी, हिशेब कानडीत, आणि आत चुलीपाशी ‘रांदप जालें वे?’ असा त्रिभाषी संसार चाले. केळीच्या पानावर जेवण वाढले जाई, महिन्याची कूपने विकली जात आणि पंगतीत जात-पात विचारण्यापेक्षा जागा रिकामी आहे की नाही हेच पाहावे लागे. पुस्तकी समाजसुधारणेस जे साधणे कठीण गेले, त्यातले थोडेबहुत काम बारा ते दोनच्या गर्दीने उरकून टाकले, असे आमचे मत आहे.

अन्नाबरोबर देवही आले. आस्तिक समाज १९२३ चा. मंदिर आले म्हणजे पूजेचे साहित्य आले: मोगरा-अबोलीच्या वेण्या, केळीची पाने व खांब, नारळ, समया, तांब्या-पितळेची भांडी. फिल्टर कॉफीसाठी बिया भाजून दळून देणारी दुकाने आली, सणासाठी कांजीवरम साड्यांची दुकाने आली. अशा रीतीने माटुंग्याच्या बाजारास एक स्वतंत्र वास आला, फुलांचा आणि कॉफीचा. १९५५ पासून किंग्ज सर्कल येथे गौड सारस्वत ब्राह्मण सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणेशोत्सव होत आला आहे. त्या दिवसांत हा भाग किनाऱ्यावरच्या एखाद्या जत्रेचे रूप धारण करतो. देऊळ आणि पेठ ह्यांचे नाते आपल्याकडे पुरातन आहे. माटुंग्यात फरक इतकाच झाला की, येथे देऊळ गावच्या दैवताची आठवण मनात घेऊन आलेल्या पाहुण्यांनी आणले.

हिंदू कॉलनीतील एका घराचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या वर्षांत आपल्या ग्रंथसंग्रहासह राहण्यासाठी ‘राजगृह’ बांधले. १९५६ च्या ६ डिसेंबर रोजी दिल्लीस त्यांचे महानिर्वाण झाले. त्यांचा देह ह्याच घरी आणण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी अथांग जनसमुदायासह अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे गेली. विन्सेन्ट रोडास आज त्यांचे नाव आहे. ज्या भाडेपट्ट्यांच्या आखीव वस्तीत कॉलन्या समाजासमाजांच्या नावांनी ओळखल्या गेल्या, तिच्या मुख्य रस्त्यास अखेर समतेच्या पुरस्कर्त्याचे नाव मिळाले, ही इतिहासाची उचित दुरुस्ती होय.

आता ज्या कायद्याने ह्या रस्त्याचे पुढील अर्धशतक घडविले त्याकडे वळू. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि फाळणीने उद्ध्वस्त झालेली सिंधी व पंजाबी कुटुंबे मुंबईस आली. शीव-कोळीवाड्यात त्यांच्या छावण्या पडल्या. किंग्ज सर्कलजवळच्या गांधी मार्केटात त्यांनी कापडाचा व्यापार मांडला आणि थोड्याच काळात नावारूपास आणला. त्याच वर्षी मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. जागांची तीव्र टंचाई होती. मालकाने मन मानेल तसे भाडे वाढवू नये व भाडेकरूस बाहेर काढू नये, हा त्याचा हेतू स्तुत्य होता. ‘प्रमाण भाडे’ साधारणतः १९४० च्या सप्टेंबरातील भाड्याशी बांधले गेले. खाणावळवाल्यास, शिंप्यास, किराणा दुकानदारास ह्या कायद्याने जो निश्चिंतपणा दिला, त्याच्याच बळावर त्यांनी धंदे वाढविले हे निर्विवाद आहे.

परंतु भाडे गोठले आणि महागाई गोठली नाही. वीस वर्षांनी भाड्याच्या पैशांत इमारतीस चुनाही लागेना. मग कायद्याच्या पाठीमागे ‘पागडी’ नावाची दुसरीच व्यवस्था उभी राहिली. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून रोख रक्कम घेई, मालक त्यात आपला वाटा मागे, आणि पावती मात्र जुन्याच भाड्याची फाटे. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापून उपकर बसवावा लागला, ह्यावरूनच त्यांची अवस्था कळून येते. १९७३ साली अनुमतिपत्रावर बसलेल्यांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. परिणामी पुढे कोणताही शहाणा मालक नव्या माणसास जागा देताना शंभरदा विचार करू लागला.

दुकाने तरीही बदलत राहिली, कारण वस्ती बदलत होती. दाक्षिणात्य कारकुनांची पुढली पिढी मोठ्या जागांसाठी चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीकडे गेली. गुजराती व कच्छी व्यापारी कुटुंबे माटुंग्यात आली. त्यांच्यामागून फरसाणाची दुकाने आली, साड्यांच्या पेढ्या विस्तारल्या. कॉलेजांमुळे किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांची ओळ बसली. अभियांत्रिकीची महागडी पुस्तके एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे तेथूनच जात. एकेकाळी अरोरा चित्रपटगृहात तामिळ चित्रपटांस रांगा लागत. दादर टी. टी. जवळचे चित्रा चित्रपटगृह मात्र २०१९ साली बंद झाले. रस्त्यावर उड्डाणपूल आले. किंग्ज सर्कलच्या पुलाखाली २०१६ साली बाग झाली आणि लोक तेथे फिरावयास जाऊ लागले.

दरम्यान कायदाही हलला. मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी निर्णय दिला की, भाडे गोठविणाऱ्या तरतुदी आरंभी वाजवी असल्या तरी काळाच्या ओघात त्या अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत तशीही संपत आली होती, म्हणून न्यायालयाने तो तेथेच रद्द केला नाही. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली आणि पागडीस उघड कायदेशीर रूप दिले. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपन्या ह्यांना संरक्षणाबाहेर ठेवले. ह्या शेवटच्या तरतुदीचा रस्त्यावर काय परिणाम व्हावा, हे सहज ध्यानात येण्याजोगे आहे. धनवान कंपनीस जागा दिली तर बाजारभावाने भाडे मिळते आणि मुदत संपताच जागा परत मागता येते. लहान दुकानदारास दिली तर तो कायद्याचे कवच घेऊन बसेल ही धास्ती. मालकाने कोणास पसंत करावे? धनिकांना वगळून गरिबांना राखावे म्हणून केलेले कलम नव्याने येणाऱ्या गरिबास दाराबाहेर ठेवण्यास असे साहाय्यभूत झाले.

हे आम्ही ग्रंथांत वाचून सांगत नाही. वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही मडगावहून मुंबईस जाऊन एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करीत होतो. त्यांच्याकडे ह्याच परिसरातील एक वृद्ध खाणावळवाले आले. त्यांनी भाड्याच्या पावत्यांनी भरलेली पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली. आम्ही कोकणी बोलतो हे कळताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो, ‘जेवण जालें वे?’ कज्ज्याची गोष्ट त्यानंतर.

कज्जा म्हणावा तर तो कज्जा नव्हता. त्यांचा एक मुलगा परदेशी, दुसरा बंगळूरास. खाणावळीत कोणासही रस नव्हता. परंतु त्यांच्या गावचा एक पोरगा पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली होता. भटारखाना तोच सांभाळी, भाजी तोच आणी, गिऱ्हाईक त्यास नावाने ओळखी. त्याच्या स्वाधीन धंदा करावा व तसा कागद करून द्यावा, एवढीच म्हाताऱ्यांची इच्छा. आमच्या ज्येष्ठांनी कायदा समजावून सांगितला. भाडेकरू वारल्यावर दुकानाचा भाडेहक्क त्याच्यासह धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो; नोकराकडे जात नाही. हयातीत दुसऱ्यास द्यावयाचा तर मालकाची संमती हवी आणि संमतीस मोबदला द्यावा लागतो. मालक म्हणजे एक वृद्ध विधवा. तिचीही बाजू खोटी नव्हती. त्या गाळ्याचे महिन्याचे भाडे तेथल्याच एका जेवणाच्या किमतीहून कमी होते आणि छप्पर गळत होते. तिने जी रक्कम सांगितली ती बाजाराप्रमाणे रास्तच होती. पण ती त्या पोराच्या सात पिढ्यांस जमली नसती. खाणावळ वर्षभरात बंद झाली. पोरगा दुसऱ्याच्या हॉटेलात पगारी आचारी म्हणून लागला. त्या गाळ्यात काचेच्या दाराचे मोबाइलचे दुकान आले.

ह्या व्यवहारात कोणीही लबाडी केली नाही, कायद्याचा भंग झाला नाही, प्रत्येकाने आपला हक्क घेतला. आणि तरीही काहीतरी गेले. काय गेले ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. स्मरणरंजनाचा मोह आम्हांस नाही. धंदे बदलतात आणि बदलावेतही. इराण्यानंतर उडुपी आला, उडुप्यानंतर फरसाणवाला आला, ह्यात शोक करण्यासारखे काही नाही, उलट तो रस्ता जिवंत असल्याचा पुरावा आहे. शोक करावयाचा तो ह्याचा की, भांडी घासणारा पोरगा गल्ल्यावर बसावा, ही जी शिडी त्या रस्त्यावर एके काळी लावलेली होती, ती काढली गेली. आपल्या कायद्याने बसलेल्यास राखले, रक्ताच्या वारसास राखले, आता मालकासही थोडे राखले. जो अजून यावयाचा आहे त्याच्यासाठी मात्र त्यात एकही कलम नाही.

जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास आता वेगाने चालू आहे. त्यात दुकानदारास त्याच्या जुन्या जागेइतके क्षेत्र मिळते. परंतु ते रस्त्याकडील तळमजल्यावर की मागील अंगास, हे करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. सही करण्यापूर्वी नकाशा पाहावा, इतका सल्ला आम्ही येथे विनाशुल्क देऊन ठेवतो.

आमचे खरे सांगणे निराळे आहे आणि ते आपल्या मंदिरांच्या विश्वस्तांस उद्देशून आहे. गोव्यात, बेळगावात, बडोद्यास, इंदुरास, मुंबईस, जेथे जेथे आपली देवस्थाने व समाजसंस्था आहेत, तेथे अनेकांच्या मालकीचे रस्त्याकडचे गाळे आहेत. बहुधा ते सर्वाधिक बोली देणाऱ्यास दिले जातात, आणि विश्वस्तांनी उत्पन्न पाहावे हे त्यांचे कर्तव्यच होय. परंतु दहा गाळ्यांतील एक गाळा, ज्याच्यापाशी कला आहे आणि भांडवल नाही अशा होतकरू माणसास, झेपेल अशा भाड्याने आणि ठराविक मुदतीने देण्यास कोणती अडचण आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली इमारतीचा तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून करता येतो. त्याहून अधिक मुदतीस मंजुरी लागते. गोव्यात देवस्थानांस १९३३ चा महाजनीचा कायदा लागू आहे. इतर प्रांतांचे नियम निराळे. ते पाहून, संस्थेच्या वकिलाकडून कागद नीट करून घ्यावा. मुदत संपताच जागा मोकळी व्हावी आणि दुसऱ्या होतकरूस मिळावी, हे त्यात निःसंदिग्ध असावे. नाहीतर आजचा होतकरू उद्याचा बसलेला होईल आणि आपण पुन्हा मूळ पदावर येऊ.

देवळात अन्नसंतर्पण करणे हे आपण पुण्य मानतो, आणि ते आहेच. परंतु दुसऱ्यास जेवू घालून स्वतः पोट भरू पाहणाऱ्या माणसास चूल मांडण्यापुरती जागा देणे, हेही त्याच पुण्याच्या खात्यात जमा व्हावे असे आम्हांस वाटते. रात्री दहाच्या सुमारास दादर टी. टी. वर उभे राहिले म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांतून उतरणारी पोरे अजूनही दिसतात; पाठीवर पिशवी, हातात पत्त्याचा कागद अथवा मोबाइल, आणि चेहऱ्यावर शहराची धास्ती. १९४२ सालीही ती अशीच उतरत असली पाहिजेत. त्यांस ‘जेवण जालें वे?’ असे विचारणारे कोणी तेव्हा ह्या रस्त्यावर होते. आता ते कोणी असावे की नसावे, हे आपल्या हातच्या किल्ल्यांवर अवलंबून आहे.